डाउनलोडखालची ती ६४ अक्षरं: हॅशवरून फाइल ओळखतात म्हणजे नक्की काय करतात

एखादं सॉफ्टवेअर उतरवायला गेलं की डाउनलोडच्या बटणाखाली बारीक अक्षरात काहीतरी अगम्य लिहिलेलं असतं, आधी एसएचए-२५६ आणि मग आकडे नि अक्षरांची लांबच लांब आगगाडी, आणि बहुतेक सगळे ती बघून न बघितल्यासारखं करून पुढे जातात. मीही बरीच वर्षं तेच केलं. मग एकदा लिनक्स इन्स्टॉल करायची मोठी फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली, आणि इन्स्टॉल दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकायला लागलं. पेनड्राइव्ह बदलला, रॅम काढून परत बसवली, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी त्या आगगाडीची आठवण झाली, माझ्याकडच्या फाइलचा हॅश काढला तर पहिल्या अक्षरापासूनच वेगळा! उतरवताना मध्येच कुठेतरी फाइल बिघडली होती. परत उतरवली, हॅश जुळला, इन्स्टॉल एका दमात पार पडलं.

सायबर गुन्ह्यांच्या बातम्यांमध्येही हल्ली "हॅश व्हॅल्यू जुळली" असं वाक्य सारखं येतं. जुळली म्हणजे काय सिद्ध झालं, आणि काय झालं नाही, यात लोकांचा खूप गोंधळ होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पत्ते पिसायचा खेळ

कॉम्प्युटरच्या दृष्टीने फाइल म्हणजे नुसती शून्य आणि एक यांची रांग. फोटो असो, गाणं असो, एखादा प्रोग्रॅम असो, आत तेच. हॅश म्हणजे ही अख्खी रांग वाचून एका ठरलेल्या गणिताने काढलेली छोटी, ठराविक लांबीची खूण. एवढी एकच व्याख्या लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच येतं.

समजा तुमच्यापुढे पत्त्यांचा जोड एका ठरलेल्या क्रमाने लावून ठेवलाय आणि हातात एक जाडजूड पुस्तक आहे. नियम असा की पुस्तकातलं प्रत्येक अक्षर तुम्हाला सांगणार, आता पत्ते अमुक पद्धतीने पिसा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत वाचत पिसत जायचं, आणि पुस्तक संपलं की पत्ते ज्या क्रमात उरले तो क्रम म्हणजे त्या पुस्तकाचा हॅश. तेच पुस्तक, तोच सुरुवातीचा क्रम आणि तेच नियम असतील तर जगात कोणीही कुठेही पिसलं तरी शेवटी तोच क्रम यायला हवा. पण चारशेव्या पानावरचा एक स्वल्पविराम कोणी खोडला, की तिथून पुढचं सगळं पिसणंच बदलतं आणि शेवटचा क्रम पार वेगळा येतो. पुस्तक दहा पानांचं असो नाहीतर दहा हजार पानांचं, शेवटी हातात पत्ते ५२ च. आणि नुसते ते पत्ते बघून पुस्तकात काय लिहिलं होतं हे कोणालाही सांगता येणार नाही.

एसएचए-२५६ ही हॅश काढायची एक ठरलेली पद्धत, आणि ती प्रत्यक्षात बरंचसं असंच चालते. फाइलचे ६४ बाइटचे तुकडे करायचे (एक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट), आठ आकडे ठरलेल्या किमतींनी सुरू करायचे, प्रत्येक तुकडा त्यांच्यात ६४ फेऱ्यांमध्ये मिसळायचा आणि जे आठ आकडे येतील ते घेऊन पुढच्या तुकड्याकडे जायचं. शेवटचे आठ आकडे शेजारी शेजारी लिहिले की २५६ बिट होतात. ते ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहिले की ६४ अक्षरं, तीच ती आगगाडी. फाइलमधला एक बिट जरी उलटला तरी या २५६ पैकी साधारण निम्मे बिट उलटतात, म्हणून "थोडासा वेगळा हॅश" असा प्रकार नसतोच, एकतर तंतोतंत तोच नाहीतर काहीच्या काही वेगळा.

दोन वेगळ्या फाइल्सचा योगायोगाने एकच हॅश येईल का? ५२ पत्ते जेवढ्या क्रमांनी लावता येतात ती संख्या ६८ अंकी आहे, एसएचए-२५६ चे वेगवेगळे हॅश किती होऊ शकतात ती संख्या ७८ अंकी. योगायोगाची काळजी सोडून द्या. मुद्दाम कोणी तसं करू शकतं का हा वेगळा प्रश्न, त्याच्याकडे पुढे येतो.

नाव बदलून काही होत नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपण माणसं फाइल नावाने ओळखतो आणि तिथेच फसतो.

फाइलचं नाव, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, कधी बनवली, हे सगळं फाइलच्या आत नसतं, ऑपरेटिंग सिस्टिम ते वेगळ्या नोंदवहीत ठेवते. हॅश फक्त आतल्या मजकुराचा निघतो. त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमचं नाव बदलून "सुट्टीचे फोटो" ठेवलं, शेवटी फोटोचं एक्स्टेन्शन लावलं आणि कुठल्यातरी खोल फोल्डरमध्ये टाकून दिलं तरी हॅश तोच राहतो, आणि शोधणारा त्याला बरोबर शोधून काढतो. उलट बाजूनेही हे तितकंच खरं आहे. विंडोजमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाचा एक खरा सिस्टिम प्रोग्रॅम असतो आणि मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, लिहिणारे लोक आपल्या फाइलला मुद्दाम तेच नाव देतात, कारण टास्क मॅनेजरमध्ये ते नाव दिसलं की कोणाला शंका येत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. हॅश काढला की खऱ्याखोट्याचा निवाडा क्षणात होतो, अर्थात खऱ्या फाइलचा हॅश काय असतो हे आधीच कोणीतरी नोंदवून ठेवलेलं असेल तर. सगळा खेळ त्या "आधीच नोंदवून ठेवलेलं असेल तर" वर आहे.

ओळखीच्या फाइल्सची भलीमोठी यादी

जप्त केलेला कॉम्प्युटर तपासणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एका साध्या कॉम्प्युटरवर लाखो फाइल्स असतात आणि त्यातल्या बहुतेक त्या माणसाने बनवलेल्याच नसतात. विंडोजच्या फाइल्स, ऑफिसच्या फाइल्स, फॉन्ट, आयकॉन, मदतीची पानं, प्रिंटरचे ड्रायव्हर. पुरावा असेल तर तो उरलेल्या थोड्या फाइल्समध्ये. गवताच्या गंजीत सुई शोधायची तर आधी गवत उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे.

त्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेत, म्हणजे मोजमाप आणि मानकं ठरवणाऱ्या संस्थेत, नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी नावाचा एक प्रकल्प आहे, तिला सगळे एनएसआरएल म्हणतात. लायब्ररी हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा, त्यांच्याकडे सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती खरोखर सांभाळून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक सॉफ्टवेअर उघडून आतल्या एकूण एक फाइलचे हॅश काढतात आणि फाइलचं नाव, आकार, कोणत्या प्रॉडक्टची कोणती आवृत्ती, कोणी बनवलं, अशा नोंदीसकट यादी तयार करतात. ही यादी फुकट मिळते आणि दर तीन महिन्यांनी नवीन येते. मूळ प्रत जपून ठेवण्यामागचं कारण असं की उद्या कोर्टात कोणी विचारलं, हा हॅश अमुक सॉफ्टवेअरचाच कशावरून, तर मूळ प्रतीपर्यंत बोट दाखवता आलं पाहिजे. याच लोकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाकडच्या कॅब्रिनेटी संग्रहातल्या जुन्या सॉफ्टवेअर आणि गेम्सच्या डिजिटल प्रती करायच्या कामातही हात लावला. ते गुन्हे तपासाचं काम नाही, पण जुनी फ्लॉपी वाचेनाशी व्हायच्या आत तिच्यावर काय होतं हे कोणीतरी जपतंय याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तपासणारा मग त्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा हॅश काढतो, यादीशी ताडून बघतो आणि जुळलेल्या फाइल्स नजरेआड करतो. कायदेशीर कागदपत्रांच्या छाननीत काम करणाऱ्या लोकांनी याला "डी-निस्ट करणं" असं क्रियापदच करून टाकलंय. वेळ जातो तो डिस्कवरून फाइल्स वाचण्यात, यादीत शोधणं फारच झटपट होतं, कारण शब्दकोशात शब्द बघावा तसं थेट त्या जागी जाता येतं.

याच्या उलटी पद्धतही आहे. वाईट म्हणून माहीत असलेल्या फाइल्सच्या हॅशची यादी घ्यायची आणि त्यातलं काही सापडतंय का बघायचं. अँटिव्हायरस हे फार पूर्वीपासून करत आलेत.

यादीत आहे म्हणजे ती फाइल चांगली का?

नाही! इथे जाणकार लोकही चुकतात.

एनएसआरएलच्या यादीत "ओळखीच्या" फाइल्स आहेत, "चांगल्या" नव्हे. पासवर्ड फोडायची टूल्स, चित्रात गुप्त मजकूर लपवायची सॉफ्टवेअर्स, यांचेही हॅश त्यात आहेत, कारण तीही बाजारात मिळणारी सॉफ्टवेअरच आहेत. एखाद्या तपासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरू शकते, आणि तुम्ही यादीत आहे म्हणून डोळे मिटून सगळं बाजूला केलंत तर तीही त्यातच गेली. हॅश सांगतो ही फाइल कोणती. ती भली की बुरी हे माणसाने ठरवायचं असतं, तेही त्या कॉम्प्युटरवर ती काय करत होती हे बघून.

मग यादीत नाही म्हणजे व्हायरस?

तेही नाही, उगाच साप म्हणून भुई धोपटू नका. तुम्ही काल टाइप केलेलं पत्र कुठल्याच यादीत नसणार, तुम्ही काढलेला फोटोही नसणार. सॉफ्टवेअरच्याही कितीतरी फाइल्स वापरता वापरता बदलतात, सेटिंग्ज साठवणाऱ्या फाइल्स, लॉग, विंडोजची रजिस्ट्री, या प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळ्या असतात, त्यामुळे मूळ प्रतीतल्या हॅशशी त्या जुळणारच नाहीत. शिवाय यादी करणाऱ्यांपर्यंत न पोचलेली सॉफ्टवेअर्स असतात, कालच आलेले अपडेट असतात. डी-निस्ट केल्यावरही सिस्टिमचा बराच कचरा मागे उरतो तो यामुळेच.

आणि एक गंमतीची गोष्ट, रिकामी फाइल. आत एकही बाइट नसलेली फाइल जगात कुठेही असो, नाव काहीही असो, तिचा एमडी५ (हॅश काढायची आणखी एक, जुनी पद्धत) हॅश डी४१डी८सीडी९८एफ असाच सुरू होणार आणि एसएचए-२५६ हॅश ई३बी०सी४४२ असा. या कामात मुरलेले लोक हे बघताक्षणी ओळखतात. हॅश जुळला म्हणून कोणी उड्या मारायला लागलं आणि जुळलेला हॅश हा निघाला, तर फक्त एवढंच कळलं की दोन्ही फाइल्स रिकाम्या आहेत.

एक बाइट बदलला की सगळं फसतं ना?

फसतं, आणि हा आक्षेप अगदी रास्त आहे. हॅशची ताकद हीच त्याची अडचण. मालवेअर लिहिणाऱ्याला आपल्या फाइलच्या शेवटी एक फालतू बाइट चिकटवायला काय कष्ट पडतात, प्रोग्रॅम तसाच चालतो आणि हॅश मात्र पूर्ण वेगळा. काही मालवेअर तर दर वेळी पसरताना स्वतःच स्वतःला थोडं बदलून घेतात. म्हणून नुसत्या वाईट हॅशच्या यादीवर विसंबणारा अँटिव्हायरस आज कोणी बनवत नाही, फाइल चालू झाल्यावर काय करते हेही बघावं लागतं. डेव्हिड बियांको यांनी २०१३ मध्ये हल्लेखोराला कशाचा किती त्रास होतो याचा एक पिरॅमिड मांडला होता, त्यात हॅश सगळ्यात खाली होता, बदलायला सगळ्यात सोपा म्हणून.

थोड्याफार सारख्या फाइल्स शोधायला वेगळी तंत्रं आहेत. जेसी कॉर्नब्लम यांनी २००६ मध्ये आणलेलं एसएसडीप हे त्यातलं एक, ते फाइलचे तुकडे पाडून तुकड्यांच्या खुणा काढतं आणि दोन फाइल्स कितपत सारख्या आहेत याला शून्य ते शंभर गुण देतं. पण ते अंदाजाचं काम, त्यावरून "हीच ती फाइल" असं छातीठोक म्हणता येत नाही.

चांगल्या फाइल्सच्या बाबतीत मात्र हा ताठरपणा हवाच असतो. कोणी विंडोजच्या खऱ्या फाइलमध्ये एक बाइट जरी घुसवला तरी ती ओळखीच्या यादीतून आपोआप बाहेर पडते आणि तपासणाऱ्याच्या नजरेसमोर येते.

एमडी५ तर फुटलंय असं ऐकलं, मग?

फुटलंय, पण नक्की काय फुटलंय ते समजून घेऊ. एमडी५ हे १९९२ साली प्रसिद्ध झालेलं जुनं गणित, १२८ बिटांचा हॅश देतं. २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एकच एमडी५ हॅश असलेल्या दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम तयार करता येतात. पत्त्यांच्या भाषेत सांगायचं तर पिसण्याच्या नियमांतच खोड सापडली. पुढे एसएचए-१ या एसएचए-२५६ च्या आधीच्या पद्धतीचंही तेच झालं, २३ फेब्रुवारी २०१७ ला ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जगापुढे ठेवल्या, त्यासाठी हॅशची आकडेमोड जितक्या वेळा करावी लागली ती संख्या १९ अंकी आहे. निस्टने एसएचए-१ चा वापर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत पूर्ण थांबवायला सांगितलंय.

आता बारकावा असा की या दोन्ही वेळी दोन्ही फाइल्स त्याच माणसाने बनवल्या होत्या. दुसऱ्या कोणी आधीच बनवलेली फाइल घ्यायची आणि बरोबर तिच्याच हॅशची दुसरी फाइल तयार करायची, हे यापेक्षा फार फार अवघड काम आहे, ते एमडी५ च्या बाबतीतही आजवर कोणाला प्रत्यक्षात जमलेलं नाही. तेवीस जणांच्या खोलीत कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, पण नेमका तुमच्याच वाढदिवशी जन्मलेला माणूस शोधायला गेलात तर तेवीस जण मुळीच पुरणार नाहीत, तसंच काहीसं.

म्हणजे एमडी५ ची जुनी यादी एका झटक्यात रद्दी होत नाही. पण कोणी हुशारीने जोडफाइल्स तयार करून त्यातली साधी फाइल यादीत घुसवली आणि दुसरी घातक फाइल वापरली, तर ती चांगली म्हणून सुटून जाईल. आणि ही नुसती कल्पना समजू नका, २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या मालवेअरने एमडी५ ची हीच खोड वापरून मायक्रोसॉफ्टचं वाटावं असं खोटं सर्टिफिकेट बनवलं होतं. नवीन काम करायचं असेल तर एसएचए-२५६ च वापरा, यात मला तरी दुसरं मत दिसत नाही.

हॅश जुळला, आता निर्धास्त?

कुठल्या हॅशशी जुळवला त्यावर आहे.

समजा एखाद्या पार्सलवर सील आहे आणि खरं सील कसं दिसतं त्याचं चित्र त्याच पार्सलच्या वर चिकटवलेलं आहे. ज्याने पार्सल बदललं तो चित्रही बदलेल की! फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या वेबसाइटवर हल्ला झाला आणि डाउनलोडची लिंक चोरदरवाजा घातलेल्या फाइलकडे वळवली गेली. अशा वेळी ज्याच्या हातात वेबसाइट गेली, त्याच्या हातात त्याच पानावर छापलेला हॅशही गेलाच. म्हणून हॅशची यादी डिजिटल सहीने (खऱ्या मालकालाच करता येईल अशा गणिती खुणेने) बंद केलेली असली, किंवा हॅश दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून घेतला, तरच जुळण्याला काही वजन येतं.

त्याहून वाईट प्रकार २०२० मधला. सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या सॉफ्टवेअरमध्ये ते तयार होत असतानाच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला, त्यामुळे अधिकृत अपडेट, अधिकृत सही, हॅश अगदी अचूक, आणि तरी आत चोरदरवाजा. कंपनीच्याच म्हणण्यानुसार १८,००० पेक्षा थोड्या कमी ग्राहकांकडे ते अपडेट गेलं असावं. हॅशने तिथे त्याचं काम चोख केलं होतं, तो सांगत होता की ही तीच फाइल आहे जी कंपनीने पाठवली. ती तशीच होती.

हॅश दिला म्हणजे माझी फाइल दिली का?

हॅशवरून फाइल परत बनवता येत नाही. पण तुमच्याकडची फाइल जगाला माहीत असलेली असेल, तर नुसत्या हॅशवरून ती तुमच्याकडे आहे हे कळतं, यादीशी ताडणं म्हणजे दुसरं काय! आणि छोट्या गोष्टींचे हॅश तर झाकल्यासारखे वाटतात फक्त. दहा अंकी फोन नंबर जास्तीत जास्त हजार कोटी, आजचं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्यांचे हॅश काही सेकंदांत काढून बघू शकतं, त्यामुळे "आम्ही नंबर हॅश करून ठेवतो" एवढ्यावर मी तरी समाधान मानत नाही.

याचा एक फायदाही आहे. शंका आलेली फाइल व्हायरसटोटलसारख्या फाइल तपासून देणाऱ्या वेबसाइटवर तपासायची असेल तर आधी नुसता हॅश टाकून शोधा. कोणी ती आधी तपासली असेल तर निकाल समोर येतो, आणि तुमची फाइल तुमच्याकडेच राहते. अख्खी फाइल चढवलीत तर ती सुरक्षा कंपन्यांपर्यंत पोचू शकते, त्यामुळे खाजगी कागदपत्रं तिथे चढवू नका.

स्वतः करून बघायचं तर

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा, गेट-फाइलहॅश ही कमांड द्या आणि पुढे फाइलचं नाव, काही वेगळं सांगितलं नाही तर ती एसएचए-२५६ च काढते. लिनक्सवर एसएचए२५६सम, मॅकवर शासम आणि पुढे २५६ हवंय असं सांगायचं. कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. आलेली ६४ अक्षरं नुसती पहिली चार नि शेवटची चार बघून जुळवू नका, तेवढी अक्षरं जुळतील अशी खोटी फाइल मुद्दाम बनवणं काही अशक्य नाही, दोन्ही ओळी एकाखाली एक पेस्ट करा किंवा शोधाच्या चौकटीत टाकून बघा.

नाही जुळला तर आधी हे बघा की तुम्ही त्याच आवृत्तीचा आणि त्याच प्रकारचा हॅश ताडताय ना, एमडी५ ची ३२ अक्षरं, एसएचए-१ ची ४० आणि एसएचए-२५६ ची ६४, नुसत्या लांबीवरून कळतं. मग फाइलचा आकार बघा, कमी असेल तर बहुतेक डाउनलोड अर्धवट राहिलंय, परत उतरवा. आकार बरोबर आहे, दुसऱ्यांदा उतरवलं, आणि परत तोच न जुळणारा हॅश आला, तर मात्र ती फाइल उघडू नका आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवा, कारण बिघडलेलं डाउनलोड दोनदा अगदी एकाच पद्धतीने बिघडत नाही.